मानवतावादी गटाची मासिक बैठक : कशी बांधायची, कुठे फसते, कशी टिकते

पायवाट

देव, आत्मा, परलोक यांचा आधार न घेता चांगलं जगता येतं, हे पटलेली माणसं बहुधा आपापल्या जागी एकेकटी असतात. धर्मसंस्थेत वाढलेल्या माणसाला ठरलेला वार, ठरलेली जागा आणि ओळखीचे चेहरे न मागता मिळतात. तिथून बाहेर पडला की तिन्ही एकदम जातात. स्थानिक मानवतावादी गटाचं काम मुख्यतः हे तिन्ही पुन्हा उभं करण्याचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. विचार आधीच पटलेले असतात, माणसं मिळायची असतात.

म्हणून या धाग्यात मानवतावादाची व्याख्या नको. बैठक कशी चालवायची, एवढंच बोलू. सुरुवात मी करतो, ज्यांना ज्यातलं कळतं त्यांनी भर घालावी.

आधी वार. ‘दर महिन्याचा दुसरा रविवार’ असं ठरवलं की तो नेहमी ८ ते १४ तारखेच्या मधेच येतो आणि कोणाला विचारावं लागत नाही. ‘दर पंधरा दिवसांनी’ असं ठरवू नये. पाच रविवारांचा महिना आला की क्रम सरकतो, पहिला-तिसरा होता तो दुसरा-चौथा होतो, आणि निम्मी माणसं चुकीच्या दिवशी मोकळी राहतात. महिन्यातून दोनदा जमायचं असेल तर ‘दुसरा आणि चौथा’ म्हणावं. सगळ्यांची सवड विचारून दर वेळी नवी तारीख काढणं तर सर्वांत वाईट. अशा विचारणेला उत्तर देणारे तेच असतात जे कसंही करून येणार असतात. काठावरचा माणूस उत्तर देत नाही, आणि मग येतही नाही.

मग वेळ. दोन तास पुरेत. पहिली १५ मिनिटं येणाऱ्यांसाठी मोकळी. १० मिनिटं नावं आणि गटाच्या दोन-तीन सूचना. १० मिनिटं विषयाची मांडणी किंवा उतारा. ४० मिनिटं छोट्या गटांत बोलणं, २० मिनिटं सगळ्यांनी एकत्र. ५ मिनिटांत समारोप. उरलेली २० मिनिटं पुन्हा मोकळी, पण खोली आपल्याच ताब्यात हवी. ही शेवटची २० मिनिटं कापायची चूक फार होते. ज्याला मंडळात बोलता आलं नाही तो याच वेळात शेजारच्याशी बोलतो, आणि पुढच्या महिन्यात तो येईल की नाही हे इथेच ठरतं. खोली दोन तासांसाठी घेतली असेल तर समारोपासकट सगळं एक तास चाळीस मिनिटांत संपवा.

---

कंदील

चांगला धागा. वर छोट्या गटांना ४० मिनिटं दिली आहेत, त्यामागचा हिशोब मांडतो, कारण नवे संयोजक नेमकं हेच गाळतात.

वीस माणसं आहेत आणि एक तास सगळ्यांनी एकत्र बोलायचं आहे, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३ मिनिटं येतात. प्रत्यक्षात चार-पाच जण पाऊण तास घेतात आणि दहा जण तोंड उघडत नाहीत. तीच माणसं चार-चारच्या पाच गटांत ४० मिनिटं बसवली, तर प्रत्येकाला १० मिनिटं मिळतात. शिवाय चौघांत गप्प बसून राहणं अवघड असतं आणि एकट्याने बोलत राहणंही. तीनचा गट एक जण उठला की मोडतो. पाचांत पाचवा श्रोता होतो. चार हा आकडा सोडू नये.

गट पाडताना ‘आपापले गट करा’ म्हणू नका. ओळखीचे ओळखीच्यांकडे जातात, नवा माणूस मधे उभा राहतो. दारातून येतानाच प्रत्येकाला आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यावी. बरोबर आलेल्या दोघांना वेगवेगळे आकडे द्यावेत, पण त्यांतल्या एकाला एकत्र बसायचं असेल तर आग्रह धरू नये.

खुर्च्या. शेजारी-शेजारी बसलेल्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ७५ सेंटिमीटर लागतात. १४ खुर्च्यांच्या वर्तुळाचा परीघ साडेदहा मीटर, म्हणजे व्यास सव्वातीन-साडेतीन मीटर. इथवर साध्या आवाजात समोरच्याला ऐकू जातं. २४ खुर्च्यांचा व्यास पावणेसहा मीटरच्या आसपास जातो. तिथे माणूस आवाज चढवतो, चढवलेला आवाज रागासारखा ऐकू येतो आणि चर्चेची धार विनाकारण वाढते. संख्या अठराच्या वर गेली की एका वर्तुळाचा हट्ट सोडा, एकात एक अशी दोन वर्तुळं करा.

येणाऱ्यांपेक्षा दोन-तीन खुर्च्या कमीच मांडाव्यात आणि बाकीच्या भिंतीला लावून ठेवाव्यात. खुर्ची आणून वर्तुळ थोडं मोठं करणं सगळ्यांना सुखाचं असतं. सहा रिकाम्या खुर्च्या समोर ठेवून बसणं कोणालाच सुखाचं नसतं.

---

रेघोटी

दोघांशीही सहमत. आता विषयनिवडीबद्दल, कारण खुर्च्या नीट मांडूनही चुकीचा प्रश्न बैठक बुडवतो.

‘देव आहे का?’ हा मानवतावादी गटासाठी वाईट प्रश्न आहे. खोलीतल्या बहुतेकांचं उत्तर एकच असतं, म्हणून चर्चेऐवजी एकमेकांना दुजोरा देणं सुरू होतं. ‘समाजात विवेक कसा वाढेल?’ हाही वाईट. इतका रुंद की प्रत्येक जण आपलं ठरलेलं भाषण त्यात बसवू शकतो. चांगल्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी प्रामाणिक उत्तरं असतात आणि तो उद्या सकाळच्या वागण्याला भिडतो. ‘असाध्य आजार झालेल्याने विचारलं नाही, तर त्याला खरं सांगावं का?’ ‘लहान मुलाने मेल्यावर काय होतं असं विचारलं तर काय म्हणावं?’ ‘ज्या विधीवर आपला विश्वास नाही तो म्हाताऱ्या आईसाठी करावा का?’ या तिसऱ्या प्रश्नावर पक्के निरीश्वरवादीसुद्धा दोन तट पडून बसतात, आणि दोन्ही तटांजवळ मानवतावादी कारणं असतात.

प्रश्नाची कसोटी सोपी आहे. तयारी करणाऱ्या दोघांनी तो प्रश्न घेऊन दोन विरुद्ध बाजू पाच-पाच मिनिटं मांडून पाहाव्यात. एक बाजू दोन मिनिटांत आटली तर प्रश्न बदला.

उतारा वाचायचा असेल तर सहाशे शब्दांच्या वर नको. मोठ्याने, समजेल असं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच-सहा मिनिटं. ‘घरून वाचून या’ यावर गट उभा करू नये. निम्मे वाचून येत नाहीत, आणि न वाचलेले शरमेने गप्प बसतात किंवा येतच नाहीत. खोलीतच वाचला की सगळे एका पातळीवर येतात.

चर्चेच्या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती आपल्याकडच्या दर्शनशास्त्रांतली पूर्वपक्षाची शिस्त. समोरच्याचं म्हणणं आधी इतकं नीट मांडायचं की तो म्हणेल ‘हो, हेच मला म्हणायचंय’. त्यानंतरच आपला आक्षेप. वादाच्या विषयाला हा नियम सक्तीचा ठेवा. सुरुवातीला फार हळू वाटतं, कारण पहिले दोन-तीन प्रयत्न समोरचा नाकारतोच. ते नाकारणं हाच चर्चेचा खरा भाग आहे. आपण समोरच्याने न केलेल्या विधानाशी भांडत होतो, हे तिथे कळतं.

वर्षाचा आराखडा हवा असणाऱ्यांसाठी एक सूचना. अ‍ॅमस्टरडॅम जाहीरनाम्याची (जगभरच्या मानवतावादी संघटनांनी मिळून मान्य केलेल्या तत्त्वांच्या निवेदनाची) २०२२ची आवृत्ती चार भागांत आहे. पहिला नैतिकतेवर, दुसरा विवेकी विचारावर, तिसरा जगण्यातल्या परिपूर्णतेवर, आणि चौथा जीवनाला अर्थ देणारा पर्याय म्हणून मानवतावादावर. प्रत्येक भागाला तीन बैठका दिल्या की बारा महिने भरतात. १९५२ची मूळ आवृत्तीही शेजारी ठेवून वाचावी. सत्तर वर्षांत भाषेचा भर कुठून कुठे सरकला, हाच एका बैठकीचा विषय होतो. १९५२ची आवृत्ती ज्या परिषदेत मंजूर झाली तिथे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली अध्यक्षस्थानी होते, आणि मानवतावाद्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना तिथे जन्मली तिच्या संस्थापक-सदस्यांत भारतीय विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली नवमानवतावादी चळवळही होती. हा विचार बाहेरून आणलेला आहे असं म्हणणाऱ्या नवागताला हे जरूर सांगावं.

---

शून्यबिंदू

रेघोटी, प्रश्नांबद्दलचं पटलं, पण एक आक्षेप आहे. धर्म सोडून नुकत्याच आलेल्या माणसाला तुमचे हे समतोल प्रश्न नको असतात. त्याला आधी बोलून टाकायचं असतं. घरच्यांनी काय केलं, कशाची भीती घातली गेली, किती वर्षं वाया गेली असं त्याला वाटतं. त्याला ‘आज विषय वेगळा आहे’ म्हणून थांबवलं तर तो परत येणार नाही. आणि त्यालाच गटाची सर्वांत जास्त गरज असते.

---

पायवाट

@शून्यबिंदू, आक्षेप अगदी योग्य आहे. पण तेच मुख्य बैठकीत होऊ दिलं तर दर महिन्याला तेच होतं. नवा माणूस आपली जखम सांगतो, जुने आपल्या आठवणी काढतात आणि गटाची ओळख ‘कशाच्या विरोधात आहोत’ एवढीच उरते. ज्यांचा राग निवला आहे ते मग हळूहळू येईनासे होतात.

यावर चालणारा उपाय म्हणजे वेगळी जागा. मुख्य बैठकीच्या आधी ४५ मिनिटं, शेजारच्या खोलीत, सहा-सातांपेक्षा जास्त नाहीत असं मंडळ. तिथे विषय नाही, वाद नाही, सल्लाही नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. बोलणाऱ्याने मागितलं तरच प्रतिसाद. तिथलं तिथेच राहतं. दोन अनुभवी माणसं कायम तिथे असावीत, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने मंडळावर लक्ष ठेवायचं. कोणाच्या बोलण्यात स्वतःला इजा करण्याचा विचार दिसला तर त्या मंडळाने समुपदेशक होऊ नये. त्याला एकटं सोडू नये, थेट विचारावं आणि प्रशिक्षित मदतीपर्यंत सोबत करावी. त्या भागातल्या मदतवाहिन्यांचे क्रमांक आधीच तपासून छापील ठेवावेत आणि दर तीन महिन्यांनी फोन करून ते चालू आहेत का पाहावं.

---

उंबरठा

नवागतांचा विषय निघालाच आहे, तर गुप्ततेबद्दल. मला हा मुद्दा या धाग्यातला सर्वांत गंभीर वाटतो.

बैठकीला येणाऱ्यांपैकी काहींच्या घरी माहीत नसतं. कोणाची नोकरी धार्मिक संस्थेत असते, कोणाचा जोडीदार श्रद्धाळू असतो, कोणी अजून आईवडिलांवर अवलंबून असतं. उत्साहाने काढलेला एक सामूहिक फोटो त्यांचं घर मोडू शकतो. म्हणून फोटो सरसकट बंद ठेवावेत. हवाच असेल तर बैठक संपल्यावर, वेगळ्या कोपऱ्यात, ज्यांना चालतं ते स्वतः चालत तिथे येतील असा काढावा. ‘कोणाला नको असेल तर बाजूला व्हा’ ही उलटी पद्धत चुकीची आहे, कारण बाजूला होणं हीच कबुली होते.

इतिवृत्तात नावं नकोत. ‘१७ उपस्थित, ३ नवे’ एवढं पुरे. मतं लिहायची तर कोणी मांडलं ते न लिहिता लिहावीत. नावाचा बिल्ला ठेवावा, पण त्यावर माणसाला हवं ते नाव लिहू द्यावं, आडनाव मागूच नये. आपल्या समाजात आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, आणि माणूस म्हणून भेटायला आलेल्याला दारातच ते विचारणं गटाच्या मुळावर येतं.

व्हॉट्सॲप गटात घालण्याआधी विचारा. गटात घातलं की त्याचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. पहिल्या भेटीत फक्त सूचना जाणारी एकतर्फी यादी द्यावी. गप्पांच्या गटात येणं पूर्ण ऐच्छिक ठेवावं.

स्वागत म्हणजे हार-तुरे नव्हेत. दारापाशी एकच माणूस नेमावा आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नये. त्याने नवागताला तीन गोष्टी सांगायच्या : बैठक किती वाजता संपते, बोललंच पाहिजे असं नाही, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. नवागताला सगळ्यांसमोर उभं करून ‘तुमचा प्रवास सांगा’ कधीही म्हणू नये. दोन दिवसांच्या आत एक छोटा निरोप पाठवावा, पुढची तारीख सांगावी. उत्तर आलं नाही तर दुसरा पाठवू नये.

---

रेघोटी

उंबरठा, आडनावाचा मुद्दा शंभर टक्के. एक विचारायचं होतं. श्रद्धा असलेली व्यक्ती आली तर?

---

उंबरठा

यावी. ऐकावं, बोलावं, वाद घालावा. बैठकीचं दार सगळ्यांना उघडं असावं, मात्र गटाच्या वतीने बोलणाऱ्या आणि निर्णय घेणाऱ्यांनी गटाची तत्त्वं मान्य केलेली असावीत. हा फरक लिहून ठेवला की पुढची पुष्कळ भांडणं टळतात. धर्मप्रसाराला आलेल्यालाही तोच नियम जो इतरांना : दोन मिनिटं, आपली पाळी, आणि आधी पूर्वपक्ष. पत्रकं मात्र कोणालाच वाटू देऊ नयेत, आपल्या विचारांचीसुद्धा.

---

अर्धविराम

गट चर्चामंडळापुरता राहिला तर तो अर्धाच आहे. माणसाला गट खरा लागतो तो जन्म, लग्न आणि मृत्यू या वेळी. विशेषतः मृत्यूच्या. धार्मिक विधी नको असं गेलेल्या माणसाने सांगून ठेवलेलं असतं, पण घरच्यांना पर्याय माहीत नसतो. दोन दिवसांत कोण शोधणार? मग जे सगळे करतात तेच होतं. म्हणून स्मृतिसभा चालवू शकणारी निदान दोन माणसं प्रत्येक गटाने आधीच तयार ठेवावीत.

एकूण ४० मिनिटांचा आराखडा देतो. सुरुवातीचे शब्द ३ मिनिटं : आपण कशासाठी जमलो, आणि हा निरोप गेलेल्याच्या विचारांना धरून धर्मविधींविना आहे, एवढं साध्या शब्दांत. मग संगीत ३-४ मिनिटं. मग जीवनपट, ८ ते १० मिनिटं, म्हणजे लिहिलेले आठशे ते हजार शब्द. त्यानंतर जवळच्या तिघा-चौघांचं बोलणं, प्रत्येकी ३ मिनिटं. मग दोन मिनिटं शांतता. शेवटी निरोपाचे शब्द आणि आभार. उरलेली आठ-दहा मिनिटं माणसं उठण्या-बसण्यात, कंठ दाटण्यात जातात. ती हिशोबात धरलीच पाहिजेत.

जीवनपट लिहिणाऱ्याने कुटुंबाकडे तास-दीड तास बसावं. तारखा आणि नावांनी सुरुवात करू नये, ‘ते सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे?’ इथून करावी. तारखांना माणसं अडखळतात, सवयींवर मोकळी होतात. लिहून झालं की मसुदा घरातल्या एका जबाबदार व्यक्तीला दाखवावा आणि प्रत्येक नाव, नातं, उच्चार तपासून घ्यावा. स्मृतिसभेत सर्वांत जास्त दुखावणारी चूक म्हणजे गाळलेलं नाव. दुसऱ्या लग्नाची मुलं, दुरावलेला भाऊ, लहानपणी गेलेलं अपत्य यांच्याबद्दल स्पष्ट विचारावं : ‘उल्लेख करायचा का, आणि कसा?’

गेलेल्याला संत करू नये. रागीट होता तर ‘पटकन चिडायचे आणि तितक्याच पटकन विसरायचे’ असं, घरच्यांना चालेल त्या शब्दांत यावं. खोटं चित्र ऐकून जवळच्यांना परकं वाटतं.

आणि शांततेची ती दोन मिनिटं. सभेत श्रद्धाळू नातलग असणारच. ‘या वेळात प्रत्येकाने आपल्या पद्धतीने आठवण काढावी, ज्यांना मनातल्या मनात प्रार्थना करायची आहे त्यांनी ती करावी’ असं म्हणावं. यात तत्त्वाला बाध येत नाही. दुःख सगळ्यांचं आहे आणि सभा वाद जिंकायची जागा नाही. कागदोपत्री नोंदी, परवानग्या हे सगळं सभेपासून वेगळं असतं. ते आधी पूर्ण झालंय का, एवढं मात्र विचारून घ्यावं.

---

शून्यबिंदू

@अर्धविराम, फार उपयोगी. बोलणाऱ्या तिघा-चौघांपैकी कोणाला रडू आवरलं नाही तर?

---

अर्धविराम

प्रत्येकाचं लिखाण आधीच मागून घ्यावं आणि त्याची एक प्रत चालवणाऱ्याकडे मोठ्या अक्षरांत ठेवावी. थांबला तर लगेच उठू नये. दहा-पंधरा सेकंद द्यावेत, बहुतेक जण सावरतात. नाही सावरला तर शेजारी जाऊन उभं राहावं, हळू विचारावं, ‘पुढचं मी वाचू?’ लिखाण न देता ऐन वेळी बोलू इच्छिणाऱ्यांना सभेनंतर मोकळ्या वेळात बोलायला सांगावं, नाहीतर ४० मिनिटांची सभा दीड तासावर जाते आणि घरच्यांचा थकवा कोणाच्या लक्षात येत नाही.

---

कंदील

ऑनलाइन जोडून घेण्याबद्दल. आजारी, दूर गेलेली, लहान मूल असलेली माणसं यामुळे टिकतात, म्हणून हे कराच. पण अर्धवट करू नका.

खोलीत एकच यंत्र आवाज घेणारं आणि एकच आवाज देणारं असावं, शक्यतो दोन्ही एकच. दुसऱ्या कोणी त्याच खोलीत आपला फोन त्याच बैठकीला जोडला तर एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, तो पुन्हा पहिल्यातून बाहेर येतो, आणि कानठळ्या बसणारी शिट्टी सुरू होते. जोडायचाच असेल तर मायक्रोफोन आणि स्पीकर दोन्ही बंद करून. नुसता मायक्रोफोन बंद केला तर भागत नाही : त्या फोनच्या स्पीकरमधला आवाज खोलीतल्या यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतच राहतो, शिवाय दोन स्पीकरमधले आवाज मागे-पुढे येतात आणि ऐकणं अशक्य होतं.

लॅपटॉप टेबलाच्या टोकाला ठेवून चौदा जणांचा आवाज पोचत नाही. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाने कमी होते : अर्ध्या मीटरवरच्या माणसाच्या तुलनेत दोन मीटरवरच्याचा आवाज सोळावा हिस्सा पोचतो. म्हणून चहूबाजूंनी ऐकणारा मायक्रोफोन वर्तुळाच्या मध्यावर ठेवावा, किंवा एक मायक्रोफोन हातोहात फिरवावा. फिरवण्याचा जास्तीचा फायदा असा की एका वेळी एकच बोलतो.

ऑनलाइन आलेल्यांसाठी खोलीत एक पालक नेमा. त्यांनी हात वर केला की यादीत नाव घालणं हे त्याचं काम. नाहीतर पडद्यावरचे सहा जण दोन तास नुसते बघत बसतात. छोट्या गटांच्या वेळी पडद्यावरच्यांचा वेगळा गट करा, खोलीतल्यांत मिसळू नका.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी अजून एक : बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. छापील उतारा १६ ते १८ आकाराच्या अक्षरांत असावा.

---

जमाखर्च

पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

माणशी वर्गणी काढताना एकूण खर्चाला नेहमीच्या उपस्थितीने भागू नका, उपस्थितीच्या दोन-तृतीयांशाने भागा. नेहमी १८ येत असतील तर १२ने. पावसाचे, परीक्षांचे, सुट्ट्यांचे महिने त्यातून निघतात. डबा दाराशी नको, बाहेर जाण्याच्या वाटेवर असावा, आणि तिथे कोणी बसू नये. कोणी किती टाकलं हे कोणाला दिसता कामा नये. ज्याला झेपत नाही त्याला विचारावंही लागू नये.

तीन महिन्यांचं भाडं राखीव असल्याशिवाय इतर कशावरही खर्च करू नये. खातं दोन सह्यांचं असावं, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. दर बैठकीत एक मिनिटात तीन आकडे वाचावेत : मागची शिल्लक, जमा, खर्च. वर्षातून एकदाच हिशोब देणाऱ्या गटांत शंका अकरा महिने वाढत राहते. कोणी मोठी देणगी एकरकमी देऊ केली तर ती घेण्याआधी गटाला विचारा. निम्म्याहून जास्त पैसा एकाच माणसाचा झाला की निर्णयही हळूहळू त्याचे होतात, त्याची तशी इच्छा नसली तरी.

---

शून्यबिंदू

जमाखर्चने शेवटी जे लिहिलं तेच कामाच्या बाबतीतही खरं आहे. बहुतेक गट एका माणसाच्या खांद्यावर उभे असतात. विषय तो निवडतो, चाव्या त्याच्याकडे, सूचना त्याच्या फोनवरून, सूत्रसंचालनही त्याचंच. तो दमला किंवा गाव सोडून गेला की दोन महिन्यांत गट संपतो. आणि तो तिथे असतो तोवर बाकीच्यांना पाहुण्यासारखं वाटतं. पाहुणा कधी खुर्च्या उचलत नाही.

पाच कामं पाच माणसांकडे हवीत : सूत्रसंचालन, वेळ पाहणं, दारावरचं स्वागत, खोली आणि सामान, सूचना पाठवणं. सूत्रसंचालन दर बैठकीला बदलावं. त्यासाठी एका पानाची टिपण हवी, पहिल्यांदा चालवणाऱ्याला हातात धरता येईल अशी. बाकीची कामं वर्षभर एकाकडे, पण बदलताना जुना आणि नवा दोन बैठका बरोबर काम करतील असं पाहावं. खोलीची चावी, खात्याची माहिती, यादीचे पासवर्ड हे निदान दोघांकडे असलेच पाहिजेत.

वेळ पाहणाऱ्याने सूत्रसंचालकाशेजारी बसू नये, समोर बसावं, म्हणजे बोलणाऱ्याला न अडवता खूण करता येते. दोन मिनिटं झाली की हिरवं कार्ड, अडीचला लाल. शब्दांनी थांबवलं की अपमान वाटतो, कार्डाने वाटत नाही. बोलण्याची पाळी कागदावर लिहावी. एकदाही न बोललेल्याने हात वर केला तर त्याचं नाव यादीत सर्वांत वर. हा नियम सुरुवातीलाच जाहीर करावा, नाहीतर तो पक्षपात वाटतो.

---

पायवाट

+१. एका पानाच्या टिपणीत पहिली ओळ अशी घालावी : ‘चालवणाऱ्याने स्वतःचं मत मांडायचं असेल तर त्या वेळेपुरतं सूत्र दुसऱ्याकडे द्यावं.’ जाणकार सूत्रसंचालक प्रत्येक मुद्द्यानंतर दोन वाक्यं आपली जोडतो, आणि वीस मुद्द्यांनंतर बैठक त्याचं व्याख्यान झालेली असते. त्याला ते कळतही नाही.

आजारपणातल्या मदतीबद्दलही लिहायला हवं. नुसतं ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून कोणी कधी काही सांगत नाही. ठरावीक गोष्ट, ठरावीक वेळेला देऊ करावी : ‘मंगळवारी दवाखान्यात सोबत येऊ का?’ एका माणसामागे दोघांनी जबाबदारी घ्यावी, दोन आठवड्यांसाठी, आणि मग थांबून पुन्हा ठरवावं. मुदत नसलेली मदत पहिल्या महिन्यात ओसंडते आणि तिसऱ्या महिन्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा कोणीच उरलेलं नसतं. नेहमी येणारं माणूस लागोपाठ तीन बैठकांना आलं नाही तर एकाने फोन करावा. ‘का आला नाहीत’ असं विचारू नये. ‘आठवण आली’ एवढंच म्हणावं.

---

निळीशाई

सगळा धागा वाचला, टिपून घेतला. एकच विचारते. एवढी तयारी केली, चौदा खुर्च्या मांडल्या आणि चारच जण आले, तर बैठक रद्द करायची का?

---

कंदील

रद्द करू नका. चार खुर्च्या ठेवून बाकीच्या भिंतीला लावा, ‘बाकीचे का आले नाहीत’ यावर एक मिनिटही घालवू नका, आणि ठरलेल्या वेळेला उतारा वाचायला घ्या. गटांची चिठ्ठी नको, एकत्र मंडळ नको, सरळ ४० मिनिटं चौघांनी बोला. एकटंच कोणी आलं असेल तरी ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास खोली उघडी ठेवा, कारण उशिरा येणारा पहिल्यांदाच येत असू शकतो. पुढच्या सूचनेत संख्या लिहू नका, काय बोललं गेलं ते दोन ओळींत लिहा आणि खाली पुढच्या दुसऱ्या रविवारची तारीख.